कुठेतरी पाणी मुरते आहे

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो: सायकल. 'टाकी सायकल झाली का?', 'सायकल पुरी झाल्याशिवाय मासे सोडू नका', 'माझी सायकल तिसऱ्या आठवड्यात अडकली आहे', अशी ती भाषा. आमच्या घरात हा शब्द प्रथम उच्चारला गेला, तेव्हा सासूबाईंनी साहजिकच, "तिची सायकल तर खाली जिन्यापाशी उभी आहे," असे सांगून टाकले. शालेय पुस्तकात 'नत्रचक्र' हा भारदस्त शब्द आहे. परंतु तो फळ्यावर काढलेल्या आकृतीचा शब्द आहे, बाण आणि वर्तुळे असलेल्या. घरात वापरता येईल असे त्याचे क्रियापद आपल्याकडे नाही. नत्रचक्रवणे म्हणणार कोण?

मराठीच्या अध्यापनात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला असल्या रिकाम्या जागा स्वस्थ बसू देत नाहीत. माशांपेक्षा आधी मी क्रियापदाच्या मागे लागले. पहिल्यांदा हाताशी आले ते 'विरजणे'. दुधात चमचाभर जुने दही घालायचे, भांडे हलवायचे नाही, आणि सकाळपर्यंत कुणी अदृश्य कामकरी काम उरकतात. प्रक्रिया जवळजवळ तीच. परंतु विरजण एका रात्रीचे असते, आणि इथे दीड-दोन महिन्यांची गोष्ट होती. मग 'मुरणे'. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, माणूस एखाद्या धंद्यात मुरतो. या सर्वांत काळ आहे, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही, हेही आहे. शिवाय 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा दिसते त्याखाली काही वेगळेच चालले असल्याचा संशय व्यक्त करतो. हा संशय मला फार उपयोगी वाटला. तेव्हापासून आमच्या घरात टाकी सायकल होत नाही, ती मुरते.

आता टाकी आमच्याकडे का आली, ते सांगायला हवे. तुळिंजच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सहावीतला एक मुलगा राहतो. त्याच्या वडिलांनी मागच्या वर्षी एका रविवारी त्याला समुद्री माशांची टाकी आणून दिली: काच, पंप, मीठ, दिवा आणि पाच मासे, सारे एकाच फेरीत, एकाच दुकानातून. संध्याकाळी आम्हां सगळ्यांना पाहायला बोलावले होते. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन, एक गर्द निळा, दोन पिवळे. दिवा लावला आणि ती खोली बदलून गेली. गुरुवारपर्यंत पाचही मासे मेले. पहिले दोन तळाशी पडून धापा टाकत होते. कल्ल्यांची उघडझाप इतकी जलद की मोजता येऊ नये. मुलगा शाळेला गेला नाही. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. ती त्याच्याजवळ बसायला गेली आणि परत आल्यावर तिने मला त्याचाच प्रश्न विचारला, "आई, पाणी तर एकदम स्वच्छ होतं. मग मेले कशाने?"

या प्रश्नाला दुकानात त्याला जे उत्तर मिळाले, ते असे की, समुद्री मासे नाजूकच असतात, दुसरे घेऊन जा.

खरे उत्तर त्या स्वच्छपणातच होते. मासा श्वास घेतो, त्याबरोबर त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. त्याला रंग नाही. पाण्यात त्याची दोन रूपे असतात, एक बरेचसे निरुपद्रवी आणि एक कल्ले जाळणारे. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे त्यात या दुसऱ्या रूपाचा वाटा गोड्या पाण्यापेक्षा सहसा जास्त असतो. खऱ्या समुद्रात अमोनिया साचत नाही, कारण तिथे तो खाऊन टाकणारे जीवाणू जागोजाग आहेत. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे पुष्कळ प्रमाणात सहन करू शकतात. रविवारी दुपारी भरलेल्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. पाणी नितळ होते कारण ते निर्जीव होते. आम्ही समीक्षेत एखाद्याची शैली 'नितळ' आहे असे कौतुकाने लिहितो. तो शब्द मी त्यानंतर जरा जपून वापरू लागले आहे.

मुलीने आणखी काही महिने वाट पाहून, वाढदिवसाच्या आधी, आपली मागणी मांडली. तिला टाकी हवी होती, "पण न मरणाऱ्या माशांची." या मागणीतला बालिशपणा मला दिसत होता, तरी ती हसण्यावारी नेण्याचे धैर्य झाले नाही. तिने त्या पाच माशांपैकी शेवटचा मरताना पाहिला होता.

तुळिंजमध्ये समुद्र तयार करणे हा प्रकार ऐकायला वाटतो तितका विसंगत नाही. हा सोपाऱ्याचा प्रदेश, म्हणजे जुने शूर्पारक बंदर. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली इथला बुरुड राजाचा कोट उकरून स्तूप उजेडात आणला, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी मिळाला. शतकानुशतके गाळ साचत गेला आणि समुद्राने हे बंदर सोडले. आज स्थानकाच्या पूर्वेकडे राहणाऱ्या आम्हां लोकांना समुद्र दिसत नाही, ऐकू येत नाही. कळंबच्या किनाऱ्यावर जायचे तर पूल ओलांडून पश्चिमेला अर्धा-पाऊण तास मोडतो. पाण्याचे म्हणाल तर नळाचे पाणी किती वाजता येईल आणि टँकर कधी लागेल, हा आमच्या इमारतीतल्या संभाषणाचा कायमचा विषय आहे. अशा ठिकाणी सव्वाशे लिटर पाणी शोभेसाठी अडवून ठेवणे सासूबाईंना मान्य नव्हते. त्या आगाशीच्या, त्यांचे बालपण भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठरवलेल्या कामांत गेले. "समुद्र तिकडे आहे ना? मग चार कॅन भरून आणा की," असे त्यांचे म्हणणे.

हे म्हणणे वरकरणी बिनतोड आहे. मलाही खोडून काढायला दोन दिवस लागले. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ असते, खाड्यांमधून वस्त्यांचे सांडपाणी त्यात येते, आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने त्याचा खारेपणा उतरतो. प्रवाळखडकांतल्या माशांना ते मानवत नाही. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यात तयार समुद्री मीठ विरघळवतात. हे मीठ म्हणजे नुसते खाण्याचे मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे पुष्कळ काही असते. लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम क्षार, हे प्रमाण. आमच्या तीन फुटी टाकीला साडेचार किलोंच्या आसपास मीठ लागले. सासूबाईंनी पिशवीवरची किंमत वाचली आणि आयुष्यभर मिठागरांच्या शेजारी राहिलेल्या बाईला जे वाटायला हवे, ते त्यांना वाटले.

मग प्रश्न आला जीवाणूंना खाऊ घालण्याचा. मासे नाहीत तर अमोनिया कुठून येणार? पूर्वी एखादा 'काटक' मासा सोडून त्याच्या जिवावर टाकी मुरवत. तो जगला तर जगला. आमच्याकडे हा मार्ग आधीच बाद होता. दुसरा मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइड थोडे थोडे घालणे. हे नाव मी दोनदा वाचले आणि मग लक्षात आले की, हा तर नवसागर! लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला येई. तापलेल्या पातेल्यात तो कथील लावी आणि कापसाच्या बोळ्याने चिमूटभर नवसागर फिरवी; पांढऱ्या धुराचा लोट उठे, नाकात झोंबे, आणि भांडे आतून चांदीसारखे होई. झोंबणारा तो वास अमोनियाचा. शब्दाची व्युत्पत्ती 'नवा सागर' अशी नाही, हे मला ठाऊक आहे. तो फारसी 'नौशादर'वरून आला आणि मराठी तोंडात बसता बसता सागर झाला. तरी नव्या समुद्रात पहिली वस्तू नवसागर पडावी, याचा आनंद मी का लपवावा? (बाजारी नवसागर मात्र चालत नाही, त्यात काय मिसळले असेल याचा भरवसा नसतो. आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी शुद्ध प्रतीचा नवसागर पाऊण ग्रॅमच्या पुड्यांत तोलून दिला. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया व्हायला तेवढे पुरते.)

विरजण मात्र हवेच. बाटलीबंद जीवाणू विकत मिळतात, आणि काही चांगलेही असतात. आम्हांला वसईतल्या एका जुन्या हौशी गृहस्थांनी आपल्या सहा वर्षे चालू असलेल्या टाकीतली वाटीभर ओली वाळू दिली. शेजारणीकडे विरजण मागायला जावे, तशी मुलगी डबा घेऊन गेली होती. त्या वाळूच्या कणाकणावर ते जीवाणू चिकटलेले असतात. पाण्यात ते फारसे राहत नाहीत. त्यांना पृष्ठभाग हवा, म्हणून सच्छिद्र दगड हवे.

इथे थोडे मागे जाते, कारण या विषयाच्या इतिहासात पिता-पुत्रांच्या दोन जोड्या आहेत आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्या माहीत करून घ्याव्यात असे मला वाटते.

पहिली जोडी वॉरिंग्टनांची. लंडनमधले रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५०च्या सुमारास काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता सारे जिवंत राहते, असे दाखवले. वनस्पती प्राणवायू देतात, गोगलगाई कुजणारी पाने खातात, मासे या दोहोंवर जगतात: असा तोल. आधुनिक मत्स्यालयाची कल्पना या तोलावर उभी राहिली. परंतु या हिशेबात एक पात्र नव्हते. माशाने सोडलेल्या अमोनियाचे पुढे काय होते, हे वॉरिंग्टनांना दिसणे शक्य नव्हते. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. वीस दिवस अमोनिया होता तसाच खाली येत राहिला. त्यानंतर तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट आले. प्रक्रिया निव्वळ रासायनिक असती तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. वीस दिवसांचा हा उशीर म्हणजेच कुणीतरी सजीव तिथे वाढत असल्याचा पुरावा होता. नळीत क्लोरोफॉर्म सोडताच काम थांबले. पुढे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात हे काम दोन टप्प्यांत होते, दोन वेगळ्या प्रकारचे सूक्ष्मजीव ते करतात, असे ज्याने दाखवले, त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. त्या मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टनांचा मुलगा. बापाच्या भांड्यात जे पात्र अदृश्य होते, ते मुलाला शेतातल्या मातीत भेटले. त्याला हे जीवाणू वेगळे करणे मात्र साधले नाही. ते १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये साधले.

मला या कथेत त्या वीस दिवसांविषयी सर्वाधिक कुतूहल आहे. रोज तपासायचे आणि रोज तेच उत्तर लिहायचे, हे ज्या कुणी केले असेल, त्याने एकविसाव्या दिवशी कंटाळून नळी धुऊन ठेवली असती तर? आमच्या नोंदवहीत असे अकरा दिवस आहेत. वही मुलीची. नळीत पाच मिलिलिटर पाणी, ठरलेले थेंब, पाच मिनिटे थांबणे, आणि मग रंगपट्टीशी ताडून पाहणे. अमोनियाच्या चाचणीत पिवळा म्हणजे शून्य आणि जितका हिरवा तितका जास्त. पहिले अकरा दिवस गडद हिरवा. बाराव्या दिवशी हिरवा किंचित उतरला, आणि त्याच दिवशी नायट्राइटच्या नळीत पहिल्यांदा जांभळी छटा आली. वीस दिवसांनी अमोनिया शून्यावर. नायट्राइट मात्र पट्टीच्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडे गेले आणि तिथेच बसले. दुसऱ्या टप्प्याचे कामकरी पहिल्यांपेक्षा मागून येतात, कारण त्यांचे अन्न म्हणजे पहिल्यांचे उच्छिष्ट. शिवाय ही मंडळी स्वभावाने संथ. पोषक अवस्थेत काही जीवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना अर्ध्या दिवसापासून एक-दोन दिवसांपर्यंत वेळ लागतो. कारण ते अमोनियाच्या ज्वलनातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर, विरघळलेल्या कर्बवायूतून आपले शरीर घडवतात. गरिबीत संसार थाटणाऱ्याला वेळ लागायचाच.

याच काळात घरात येणारे-जाणारे विचारत, "मासे कुठे आहेत?" दिवा नाही, मासा नाही, ओबडधोबड कोरडे दगड, खाली वाळू आणि दिवसरात्र फिरणारे पाणी. विजेचे बिल मात्र खरे. 'रिकामी टाकी चालू ठेवली आहे' हे वाक्य मी किमान पंधरा जणांकडून ऐकले, आणि सुरुवातीला मीही तेच म्हणत होते. लोक आमच्या धीराचे कौतुक करीत, विशेषतः मुलीच्या. या वयात इतका धीर! मला वाटते, हे कौतुक चुकीच्या पत्त्यावर जात होते. फाटकाशी उभे राहून कुणाची वाट पाहावी लागते, तेव्हा धीर लागतो. इथे येणारे केव्हाच आले होते. तेच खरे रहिवासी होते, संख्येने आपल्याला मोजता येणार नाहीत इतके, आणि मासे हे सर्वांत शेवटी येणारे पाहुणे. आपली नजर पाहुण्यांवर असल्यामुळे घर रिकामे वाटत होते.

हे मला वहीने दाखवले. विसाव्या दिवसानंतर मुलीच्या नोंदी लांबत गेल्या. आकड्यांच्या बाजूला ती शेरे लिहू लागली: 'आज दुसऱ्या गटाची काहीच हालचाल नाही', 'वीज तीन तास गेली, बॅटरीचा पंप लावला, त्यांनाही ऑक्सिजन लागतो.' या 'त्यांनाही'कडे मी बराच वेळ पाहत राहिले. पंचविसाव्या दिवशी दगडांवर तपकिरी साय आली. सासूबाईंनी ती घासून काढायला घेतली होती, मुलगी ओरडली, "आजी, हात लावू नकोस, ते डायटम आहेत, येतात आणि जातात." पाण्यातले सिलिका वापरून ते काचेचे सूक्ष्म कवच बांधतात, सिलिका ओसरले की ओसरतात. दोन आठवड्यांत ते खरोखर ओसरले आणि हिरवे शेवाळ आले. सासूबाई आता दुपारी खुर्ची टाकून टाकीसमोर बसू लागल्या. काय पाहता, असे विचारले तर, "काही नाही, पाणी फिरतंय," म्हणत. त्या वाळूबरोबर आलेला एक तांदळाएवढा शंख काचेवरून चढताना त्यांनीच पहिल्यांदा पाहिला.

हे सारे वर्गाला लावून पाहण्याचा मोह मला होतो, हे कबूल करते. पंधरा आठवड्यांचे सत्र, श्रेयांक, दुसऱ्याच आठवड्यात 'मॅडम, नोट्स' म्हणून पुढे येणारे हात. परंतु विद्यार्थी म्हणजे मासे नव्हेत आणि जीवाणू तर नव्हेतच. शिक्षकांच्या लेखनात शेती, बागकाम, कुंभारकाम या साऱ्यांचे शेवटी वर्गातच विसर्जन होते, ही आपल्या ललित गद्याची एक खोड आहे. टाकीला टाकी राहू द्यावे.

२००५ साली एक गोष्ट घडली, ती मात्र सांगण्याजोगी आहे. अमोनिया खाण्याचे काम फक्त जीवाणूच करतात, असे शंभरांहून अधिक वर्षे मानले जात होते. त्या वर्षी अमेरिकेत एक निराळाच सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जीवाणूंच्या कुळातला नसून आर्किआ नावाच्या एका वेगळ्याच प्राचीन कुळातला निघाला. त्याला 'नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस' असे नाव दिले गेले. त्याचे जवळचे भाऊबंद जगभरच्या महासागरांत प्रचंड संख्येने आहेत आणि तिथल्या नत्राच्या व्यवहाराचा मोठा भाग त्यांच्या हाती आहे, हे पुढे स्पष्ट झाले. आणि तो सापडला कुठे? सिएटलच्या सार्वजनिक मत्स्यालयात, उष्ण कटिबंधातल्या माशांच्या टाकीच्या तळाच्या खड्यांत. लोक काचेसमोर उभे राहून मासे पाहत होते, आणि महासागराचा एवढा मोठा कारभारी त्यांच्या पायांच्या उंचीवर खड्यांना चिकटून बसला होता.

दुसरी पिता-पुत्रांची जोडी गॉस यांची, आणि ती कमी सुखाची आहे. फिलिप हेन्री गॉस हे निसर्गशास्त्रज्ञ. त्यांचे 'द अॅक्वेरियम' हे पुस्तक १८५४ साली निघाले. आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते. पुस्तकाने इंग्लंडच्या मध्यमवर्गाला वेड लावले. माणसे टोपल्या, बरण्या, छिन्न्या घेऊन किनाऱ्यांवर उतरली आणि खडकांमधल्या डबक्यांतले समुद्रफूल, तारामासे, शंख उचलून घरी नेऊ लागली. त्यातले बहुतेक काही दिवसांत मरत असणार. चक्र कुणाला माहीत होते? गॉस यांचा मुलगा एडमंड पुढे समीक्षक म्हणून नावारूपाला आला. त्याच्या १९०७ सालच्या 'फादर अँड सन' या आत्मकथनाला इंग्रजी साहित्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. आपण ते वडिलांच्या कर्मठ धर्मश्रद्धेशी मुलाने घेतलेल्या फारकतीची कथा म्हणून शिकतो आणि शिकवतो. परंतु त्यातच एडमंड सांगतो की, आपल्या बालपणी पाहिलेली ती डबकी आता उजाड झाली आहेत, आणि ज्या हातांनी ती उजाड केली त्यांना तिथवर आणणारी पुस्तके वडिलांची होती; त्याचे वडिलांना अतोनात दुःख झाले. सौंदर्याविषयी लिहिणाऱ्या कुणालाही हे पान अस्वस्थ करील.

ते मला अस्वस्थ करीत होते, कारण आमच्या घरातली टाकी त्याच परंपरेतली. आपल्याकडे २००१पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. समुद्रातला प्रवाळखडक फोडून 'जिवंत दगड' म्हणून विकणे हा गुन्हा आहे. तरी बाजारात कुणीतरी कानाशी येऊन विचारतोच. ओला, जिवंत दगड घेतला तर टाकी आठ-दहा दिवसांत मुरते, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ती घाई मालवण किंवा अंदमानच्या समुद्राने भरून द्यायची, एवढेच. आम्ही कोरड्या दगडांवर अडून राहिलो त्याचे हे खरे कारण.

चव्वेचाळिसाव्या दिवशी परीक्षा घेतली. पुन्हा पाऊण ग्रॅम नवसागर टाकला आणि चोवीस तासांनी तपासले. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. टाकी मुरली होती. अभिनंदनाचे फोन झाले. आणि मुलगी म्हणाली, "आई, मासे आणायलाच हवेत का?"

मी हा प्रश्न अपेक्षिला नव्हता. मासे तिलाच हवे होते. आम्ही दोघी त्या रात्री उशिरापर्यंत बोललो. तिचे म्हणणे असे: टाकी जिवंत आहेच, मासा आणायचा तो आपल्याला पाहायला हवा म्हणून, त्याला इथे यायचे आहे का, हे कुणी विचारलेले नाही. मी म्हणाले, की मग नवसागर कायम घालत राहावा लागेल, नाहीतर हे सारे उपाशी मरतील. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्यासाठी मासे आणायचे?" आम्ही दोघी हसलो, पण प्रश्न हसण्याने मिटला नाही. मी शाळेत असताना सहलीला तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते, मरीन ड्राइव्हवरचे, १९५१ साली सुरू झालेले. अंधाऱ्या दालनातल्या उजळ काचांपाशी उभी असताना मला समुद्र पहिल्यांदा आतून दिसला. त्याआधी तो केवळ वरून दिसत असे, लाटा आणि होड्या म्हणून. हा लाभ मी नाकारू शकत नाही. त्या माशांनी त्याची किंमत दिली, हेही. मी तिला हे दोन्ही सांगितले. कोणते जड, ते सांगितले नाही, कारण मला तेव्हाही ठरवता येत नव्हते आणि आताही येत नाही.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी आपले मत दिले. "समुद्रातला नको. टाकीत जन्मलेला मिळत असेल तर आणा. त्याला हीच काच माहीत."

असा मासा मिळतो. क्लाऊनमाशांचे बंदिस्त प्रजनन आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने यशस्वी करून बराच काळ झाला आहे. या जातीत नर अंडी राखतो, पंख्यासारखे कल्ल्याजवळचे पर हलवून त्यांना वारा घालतो. आणि मादी मेली तर तोच नर मादी होतो, हे मुलीने वहीत अधोरेखित करून ठेवले आहे. खात्रीच्या ठिकाणाहून आलेली, टाकीत वाढलेली, बोटाच्या पेराएवढी दोन पिल्ले आम्ही आणली. दोनच. वरच्या मजल्यावरच्या मुलाला बोलावले. तो आला, पण दारातच उभा राहिला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखे होऊ दिले, मग तासभर थेंब-थेंब पाणी मिसळले. सोडल्यावर दोघेही दगडामागे जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. मुलगा तोवर थांबला होता. त्याने मुलीच्या हातातून चाचणीची नळी घेतली, थेंब मोजले, आणि पाच मिनिटे घड्याळाकडे पाहत बसला. पिवळा.

याला आता सात महिने झाले. नायट्रेट साचते, ते खाणारे कुणी आमच्या टाकीत पुरेसे नाही, म्हणून दर रविवारी बारा लिटर पाणी काढून नवे घालावे लागते. ज्या रविवारी टँकर येत नाही, त्या रविवारी हे काम सोमवारवर जाते. काढलेले पाणी खारे असल्याने ते झाडांना घालता येत नाही. सासूबाईंना पाणी वाया गेलेले चालत नाही, म्हणून त्या त्याने संडास धुतात.